‘मी स्त्रीवादी नाही, पण...’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे एकच शब्द आहे : ‘स्त्रीवादी’. एका शब्दावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. पण हा शब्द मराठीत मोठा चमत्कारिक आहे. तो वापरला जातो तो बहुतेक वेळा नाकारण्यासाठी. एखाद्या लेखिकेची मुलाखत आठवा, एखाद्या महिला सरपंचाची आठवा, पोलीस अधिकारी झालेल्या मुलीची आठवा. मुलाखतकार विचारतो, ‘तुम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणवता का?’ आणि उत्तर येतं, ‘मी स्त्रीवादी नाही, पण...’

या ‘पण’च्या पुढे काय येतं ते नीट ऐकत चला. मुलीला शिकू द्यावं. लग्न कधी करायचं ते तिने ठरवावं. घरकाम दोघांनी वाटून घ्यावं. रात्री कामावरून परतताना तिला भीती वाटू नये. म्हणजे ज्या ज्या मागण्यांसाठी हा शब्द घडला, त्या सगळ्या ‘पण’च्या पुढे हजर असतात, आणि शब्द तेवढा दाराबाहेर उभा असतो. याला काही जण ढोंग म्हणतात. आम्हांला ते ढोंग वाटत नाही. शब्द ज्या अर्थाने कानावर पडतो, त्या अर्थाने तो नाकारला जातो, इतकं साधं आहे ते. म्हणून प्रश्न असा, की तो कोणत्या अर्थाने कानावर पडतो, आणि कोणत्या अर्थाने पडायला हवा.

शब्दाची फोड करूया. ‘स्त्री’ अधिक ‘वादी’. आधी ‘वादी’ घेऊ. गाण्यातला वादी स्वर आपण बाजूला ठेवू, मग मराठीत ‘वादी’ तीन ठिकाणी भेटतो. पहिला विचारसरणीतला : गांधीवादी, समाजवादी, हिंदुत्ववादी. दुसरा भांडणातला : वाद घालणं, वादावादी. तिसरा कोर्टातला : वादी आणि प्रतिवादी. पाठ्यपुस्तक आपल्याला पहिला अर्थ सांगतं, स्त्रीवादी म्हणजे स्त्रीवाद ही विचारसरणी मानणारी व्यक्ती. लोकांच्या कानाला मात्र दुसरा ऐकू येतो, सतत भांडायला उभी असलेली बाई. ‘मी स्त्रीवादी नाही’ म्हणणारी बाई खरं तर म्हणत असते, ‘मी भांडकुदळ नाही हो.’

शब्द घडला तो पहिल्या अर्थाने, यात शंका नाही. पण आमचं आजचं म्हणणं असं आहे, की समजून घ्यायला आणि वापरायला तिसरा अर्थ जास्त कामाचा आहे. कोर्टात वादी म्हणजे दावा दाखल करणारा. त्याला काय काय सांगावं लागतं? दावा कुणाविरुद्ध, कशाबद्दल, मागणी काय आणि पुरावा कोणता. वादी स्वभावाने गोड आहे की तिरसट, तो कपडे कसे घालतो, त्याचं घर सुखी आहे का, हे कोर्टाने विचारायचं नसतं. दावा खरा की खोटा, एवढंच बघायचं. ‘स्त्रीवादी’ हे माणसाच्या स्वभावाचं विशेषण मानलं की सगळा गोंधळ सुरू होतो. ते दाव्याचं विशेषण मानलं, तर प्रश्न सुटसुटीत होतात.

हा अर्थ आम्ही हवेतून आणलेला नाही. मुंबईत १८८४ साली एक खरा दावा दाखल झाला. वादी होते दादाजी भिकाजी आणि प्रतिवादी होत्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, म्हणून नवरा कोर्टात गेला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो टिकला नाही. १८८७मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं त्यांना सांगण्यात आलं. तुरुंग पत्करेन, असं त्यांचं उत्तर होतं. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी पुढे अनेक वर्षं काम केलं.

इथे ‘नांदणं’ या शब्दाकडे जरा बघा. मराठीत मुलगी नांदते. मुलगा नांदत नाही, तो नांदवतो, किंवा नांदवत नाही. एकाच घरात राहण्याच्या क्रियेला दोघांसाठी दोन क्रियापदं आहेत, एक सोसण्याचं आणि एक करवण्याचं. रखमाबाई कोर्टाच्या कागदांत प्रतिवादी होत्या. पण त्यांनी जो प्रश्न उभा केला, माझ्या संमतीशिवाय झालेलं लग्न मला बांधील कसं, तो वादीचा प्रश्न होता. आपल्या कायद्यात दांपत्यहक्कांच्या पुनर्स्थापनेचं कलम अजून आहे, हिंदू विवाह कायद्यातलं नववं कलम. म्हणजे तो दावा पूर्ण निकाली निघालेला नाही.

आता शब्दाच्या जन्माकडे वळू. ‘फेमिनिस्ट’ हा शब्द फ्रेंचमधून आला. १८७२ साली धाकट्या अलेक्झांडर द्यूमाने तो स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांना चिमटा काढायला वापरला. त्याच सुमारास फ्रेंच वैद्यकात हा शब्द पुरुष रोग्यांच्या अंगात दिसणाऱ्या ‘बायकीपणा’साठी वापरलेला आढळतो. दहा वर्षांनी, १८८२च्या सुमारास, मताधिकारासाठी लढणाऱ्या ह्युबर्तीन ओक्लेर यांनी तोच शब्द उचलला आणि स्वतःच्या चळवळीला लावला. १८९०च्या दशकात तो इंग्रजीत रुळला. म्हणजे शब्दाचा जन्म टोमण्यात झाला आणि टोमणा खाणाऱ्यांनीच तो आपलासा केला.

हे मराठी माणसाला नवीन वाटू नये. ‘सुधारक’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिवीसारखा वापरत. आगरकरांनी १८८८ साली स्वतःच्या पत्राचं नाव तेच ठेवलं. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे लोक त्या शब्दाला भीत होते, कारण त्यामागे ठोस मागण्या होत्या : संमतिवय, केशवपन, विधवाविवाह. आज ‘सुधारक’ शब्द कुणाला बोचत नाही. तो पुतळ्याखालच्या पाटीवर जाऊन बसला. शब्दाला कुणी भीत नाही, याचे दोन अर्थ असू शकतात. एक, त्याची मागणी पूर्ण झाली. दोन, मागणी बाजूला पडून नुसता शब्द उरला. ‘स्त्रीवादी’ शब्द अजून बोचतो. आमच्या मते ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही.

ज्या १८८२ साली ओक्लेर पॅरिसमध्ये हा शब्द वापरायला लागल्या, त्याच साली ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. बुलढाण्याच्या या बाईने पॅरिसचा हा शब्द ऐकलेला असण्याची शक्यता नाही. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मीचं. तरुण ब्राह्मण विधवा, लोकलज्जेने पोटच्या अर्भकाला मारल्याचा गुन्हा. आधी फाशी, मग अपिलात शिक्षा कमी. वर्तमानपत्रांना बायकांच्या अनीतीवर लिहायला विषय मिळाला. ताराबाईंनी काय केलं? बायकांच्या दुर्गुणांची यादी देणारा एक जुना संस्कृत श्लोक समोर ठेवला आणि एकेक दुर्गुण घेऊन विचारलं, हा पुरुषात नाही का? असेल तर शिक्षा एकालाच का?

हे टीकालेखन आहे बरं का. संताप त्यात आहेच, पण त्याची बांधणी दाव्याची आहे. आरोप काय, पुरावा काय, न्यायाचा नियम दोघांना एक आहे की नाही. पुस्तकावर टीका झाली, अगदी सत्यशोधक वर्तुळातूनही झाली. जोतिराव फुल्यांनी १८८५मध्ये ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा परत हाती आलं. आता ‘ताराबाई स्त्रीवादी होत्या का?’ असा प्रश्न परीक्षेत विचारतात. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ दिलं तरी फारसं काही कळत नाही. ‘ताराबाईंचा दावा कोणता होता?’ असं विचारलं, की पुस्तक उघडावं लागतं.

१९७५ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. पुण्यात संयुक्त स्त्री मुक्ती संघर्ष परिषद झाली, मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना उभी राहिली. शब्द लक्षात घ्या : ‘स्त्रीमुक्ती’. ‘स्त्रीवाद’ हा शब्द घराघरांत पोचला तो नंतर, विशेषतः विद्यापीठांतून स्त्री-अभ्यास सुरू झाल्यावर. ‘मुक्ती’ हा शब्द गावागावांत समजणारा होता. कीर्तनातही होता, लढ्यातही होता. १९८३ पासून ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रस्त्यांवर, चौकाचौकांत झालं, तेव्हा बघणाऱ्या बाईला शब्दकोश लागला नाही. ‘वाद’ आला तसा शब्द थोडा खुर्चीत बसला. मत असणं आणि मागणी असणं यात फरक आहे. मत घरात बसून ठेवता येतं. मागणी कुणाच्या तरी समोर ठेवावी लागते.

त्या काळातली सगळ्यात मोठी मागणी एका शब्दाच्याच अर्थाबद्दल होती. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हेच मथुरा प्रकरण. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा निष्कर्ष काढला गेला. १९७९मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार. गप्प राहणं आणि हो म्हणणं या दोन गोष्टी एक कशा, हा त्या पत्रामागचा प्रश्न. १९८०मध्ये मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात, बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर तसं मानूनच न्यायालयाने पुढे जायचं, हे तत्त्व आलं. आता सांगा, हे सगळं करणाऱ्या प्रत्येक बाईने स्वतःला काय म्हणवलं याने फरक पडतो का? दावा काय होता, त्याने फरक पडला.

इथवर ‘वादी’ झाला. आता ‘स्त्री’. शब्दाचा हा अर्धा भाग आपण फारच गृहीत धरतो. मराठीत बाईसाठी शब्द कमी नाहीत. सरकार ‘महिला’ म्हणतं, पुस्तक ‘स्त्री’ म्हणतं, रस्ता ‘बाई’ म्हणतो. ‘स्त्रीवादी’मधली स्त्री पुस्तकातली आहे. मग ती कोणती बाई? हा प्रश्न दलित स्त्रियांनी विचारला, आणि फार आधीपासून विचारला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांशी बोलून लिहिलेलं. नावातला ‘ही’ बघा. एका अक्षरात अख्खी तक्रार आहे. इतिहास तर आम्हीही घडवला, मग तुमच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात आम्ही कुठे?

पुढे १९९५मध्ये गोपाळ गुरू यांनी आणि १९९८मध्ये शर्मिला रेगे यांनी यावर सविस्तर लिहिलं. रेगे यांचा मुद्दा असा, की दलित स्त्रियांचं वेगळं म्हणणं मान्य करून थांबणं पुरेसं नाही. त्या म्हणण्याने सगळ्यांचाच स्त्रीवाद बदलला पाहिजे. १९९६मध्ये चंद्रपूरच्या परिषदेतून २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, ही मागणी पुढे आली. महाडला १९२७ साली मनुस्मृती जाळली तो दिवस. आठ मार्चला बायकांना शुभेच्छा मिळतात. पंचवीस डिसेंबरला कुणी शुभेच्छा देत नाही. यातूनच कळतं की कोणत्या तारखेत दावा अजून जिवंत आहे.

साहित्याच्या टीकेत या शब्दाचं काय झालं, तेही बघू. आपल्याकडे एक सोयीची सवय आहे. बाईने लिहिलेलं पुस्तक आलं, त्यात बाईचं दुःख असलं, की त्यावर ‘स्त्रीवादी’ असा शिक्का मारायचा आणि वेगळ्या फळीवर ठेवायचं. शिक्का मारणाऱ्याला वाटतं आपण गौरव केला. प्रत्यक्षात वाचण्याचं काम टळतं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्या, पुस्तकरूपाने १९८६मध्ये आलेलं. ते फक्त दलित आत्मकथन म्हणून वाचलं, की वस्तीच्या आत, घराच्या आत सुनेवर होणारी हिंसा नजरेतून निसटते. फक्त स्त्रीवादी म्हणून वाचलं, की ती हिंसा ज्या जातीच्या उतरंडीत घडते ती निसटते. लेखिका मात्र दोन्ही एकाच श्वासात सांगते. पुस्तकाचं नावच ‘आमुचं’ आहे, ‘माझं’ नाही.

किंवा विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’, १९३३. लेखिका कोण याचा शोध लोकांनी इतक्या हिरिरीने घेतला की पुस्तकातला प्रश्न मागेच पडला. प्रश्न काय होता? शिकलेली, कमावती मुलगी. घर तिच्या पगारावर चालतं, म्हणून तिच्या लग्नाचं कुणाला सुचत नाही, आणि तिला स्वतःला काय हवं ते विचारायची तर रीतच नाही. लेखिका कशी आहे ते शोधायचं आणि ती काय म्हणते ते ऐकायचं नाही, ही आपली जुनी खोड. ‘ती स्त्रीवादी आहे का?’ हा आजचा प्रश्न त्याच खोडीचा नवा अवतार आहे. टीकाकाराने विचारावं ते असं : या पुस्तकात कोण बोलतंय, कुणाला बोलू दिलं जात नाही, आणि लेखिकेने ते कसं दाखवलं. हे प्रश्न पुरुषाने लिहिलेल्या कादंबरीलाही विचारता येतात, विचारायलाच हवेत.

आता एक आक्षेप. तो नेहमी येतो, आणि प्रामाणिकपणे येतो. ‘कशाला स्त्रीवादी? मानवतावादी म्हणा ना. सगळेच माणूस आहेत.’ याचं उत्तर आम्ही तत्त्वज्ञानातून देणार नाही. ऊसतोडीतून देऊ. बीडकडून कारखान्यांवर टोळ्या जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे किती माणसं? दोन. नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे हिशेबाच्या भाषेत बाई स्वतंत्र मोजलीच जात नाही, ती अवजाराच्या निम्म्यात आहे. ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि व्यवहार होतो नवऱ्याशी. एक दिवस काम चुकलं तर खाडा, खाड्याला दंड. पाळी आली तरी खाडा परवडत नाही. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

ऊसतोड कामगारांचे प्रश्न त्याआधी कुणी मांडले नव्हते असं नाही. संप झाले, दरवाढी झाल्या, लवाद झाले. ते सगळं मानवतावादीच होतं. पण ‘कामगार’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पुरुष येतो आणि ‘कोयता’ म्हटल्यावर तर माणूसच येत नाही. या हिशेबात बाई कुठे आहे, असं कुणीतरी मुद्दाम विचारावं लागतं. त्या मुद्दाम विचारण्याचं नाव स्त्रीवादी. ‘मानव’ या शब्दात बाई आपोआप मोजली गेली असती, तर दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नसती.

आणि आता सगळ्यात घरगुती उदाहरण. सातबारा. शेतकरी संघटनेने १९८६मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. अनेकांनी केला. शहरी चळवळीची परिभाषा त्यात नव्हती, पण काम खरं होतं. तरीही टीका म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. यात देणारा नवरा होता. घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडायचं, ही भावना होती. दान आणि दावा यात अंतर आहे. दान देणारा मोठा होतो. दावा मान्य झाला की मागणारी मोठी होते.

दाव्याचं काय होतं ते बहिणीच्या हिश्श्यात दिसतं. महाराष्ट्राने १९९४मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : ‘स्त्री’ म्हणजे कोणती स्त्री? २००५मध्ये केंद्राच्या कायद्याने ही अट गेली. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहे, असं स्पष्ट केलं. कायदा झाला. आणि गावात काय चालतं? हक्कसोडपत्र. वडील गेले, दिवस झाले, की भाऊ बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो. सही होते. साडीचोळी होते. बहीण म्हणते, ‘माहेर तुटायला नको.’ तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं.

जी सही करत नाही, तिला गाव काय म्हणतं? स्त्रीवादी म्हणत नाही. ‘भावाच्या मुळावर उठली’ म्हणतं. हा शब्दाच्या वापराचा खरा नकाशा आहे. केस कापले, बिंदी लावली नाही, आडनाव बदललं नाही, तर ती ‘फेमिनिस्ट’. हिस्सा मागितला तर लोभी. जिथे दावा सगळ्यात ठोस आहे तिथे शब्द पोचलेलाच नाही, आणि जिथे तो सैल होऊन पडलाय तिथे तो पोशाखाचं वर्णन झालाय. म्हणून बाजारालाही तो सोयीचा पडतो. आठ मार्चला पैठणीवर सवलत मिळते. सातबाऱ्यावर नाव घालून मिळत नाही.

पुरुष स्त्रीवादी असू शकतो का, हा प्रश्नही दाव्याच्या भाषेत सोपा होतो. वादीच्या बाजूने साक्ष देता येते, वकीलपत्र घेता येतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडणं हे एक मोठं कारण होतं. त्यांनी खुर्ची सोडली. आजच्या पुरुषाला मंत्रिपद सोडायचं नाही. बहिणीला सहीसाठी गाडीत घालायचं नाही, एवढंच आहे. अर्थात वकिलाने स्वतःच वादी असल्यासारखं वागू नये, हे पथ्य त्याने पाळावं.

एक गोष्ट आपल्याच बाजूच्या लोकांसाठी. चळवळीतले, अभ्यासातले लोकसुद्धा हा शब्द कधीकधी प्रमाणपत्रासारखा वापरतात. अमकी खरी स्त्रीवादी, तमकी नाही, कारण ती मंगळागौर करते, कारण तिने लग्नात कन्यादान होऊ दिलं. या चर्चेला आमचा विरोध नाही, रूढींची चिकित्सा व्हायलाच हवी. पण मंगळागौर करणारी बाई हक्कसोडपत्रावर सही नाकारत असेल, तर तिच्या दाव्याच्या मागे उभं राहायचं की आधी तिचे उपास मोजायचे? वादीचा स्वभाव बघू नये, हा नियम आपल्यालाही लागू आहे. प्रमाणपत्रं वाटली की ‘मी स्त्रीवादी नाही, पण...’ म्हणणाऱ्या बायका वाढतात. त्यांना परीक्षा द्यायची नसते.

तेव्हा, पुढच्या वेळी कुणी हा शब्द वापरला, मग स्तुती म्हणून असो की टोमणा म्हणून, तर वाद घालू नका. तीन प्रश्न विचारा. दावा काय आहे? कोणत्या बाईचा आहे? आणि तो कुणासमोर मांडलाय? उत्तरं मिळाली तर शब्द जागेवर आहे. न मिळाली तर तो नुसता शिक्का आहे, सोडून द्या.

आणि ज्यांना ‘मी स्त्रीवादी नाही, पण...’ असंच म्हणायचं असेल, त्यांनी खुशाल म्हणावं. आमची हरकत नाही. फक्त ‘पण’नंतरचं वाक्य अर्धवट सोडू नये. ते पूर्ण करावं, मोठ्याने करावं, आणि जमलं तर लेखी द्यावं. शक्यतो तलाठी कार्यालयात.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.